गाडीतलं सिम कुणाचं?

"गाडीत सिम आहे म्हणता, मग त्याचं रिचार्ज कधी मारायचं?"

नव्या गाडीच्या डिलिव्हरीच्या दिवशी शोरूममध्ये हा प्रश्न हमखास निघतो. हार घालून झालेला असतो, नारळ फुटलेला असतो, पेढ्यांचा बॉक्स फिरत असतो. सेल्समन मुलगा स्क्रीनवर बोट फिरवत ॲप समजावून सांगतो आणि घरातलं वडीलधारं माणूस नेमकी ही शंका काढतं. उत्तर ठरलेलं असतं : "काका, ते कंपनीकडून असतं. तुम्ही काहीच करायचं नाही."

हे उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. कंपनीकडून, म्हणजे किती वर्षं? त्या सिमवर गाणी वाजतील का? वाजत असतील, तर तीच गाडी फोनचा हॉटस्पॉट कशाला मागते? आणि गाडी विकली की त्या सिमचं काय होतं? पेढे संपायच्या आत हे सगळं कुणी विचारत नाही. ते आपण इथे सावकाश समजून घेऊ.

१. दोन नळ

मोठ्या इमारतीच्या जिन्यात लाल रंगाचा एक जाड पाइप वर गेलेला असतो. तो आग विझवण्यासाठी. त्यात पाणी कायम भरलेलं ठेवायचं असतं, पण त्यावर कुणी आंघोळ करत नाही की कपडे धूत नाही. घरातल्या नळाचं पाणी वेगळ्या पाइपाने येतं.

इंटरनेट असलेल्या गाडीतही असे दोन पाइप असतात. लाल पाइप म्हणजे कारखान्यातच बसवलेलं सिम. ते फोनमधल्या सिमसारखं काढता-घालता येत नाही. एका छोट्या चिपच्या रूपात गाडीतल्या एका डबीत पक्कं केलेलं असतं. त्याला ई-सिम म्हणतात. या डबीचा अँटेना बहुतेकदा छपरावर, शार्कच्या परासारख्या त्या उंचवट्यात असतो. अपघात झाला तर कळवणं, गाडी चोरीला गेली तर ठिकाण सांगणं, दार लॉक आहे की नाही ते दाखवणं, उन्हात उभ्या गाडीचा एसी फोनवरून चालू करणं ही त्याची कामं.

घरचा नळ म्हणजे तुमचा फोन. गाणी, व्हिडिओ, मुलांचा टॅब हे सगळं त्याच्यावर.

माझं म्हणणं एवढंच, की हे दोन पाइप वेगळे आहेत हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा गोंधळ बराचसा मिटतो. लोकांची चिडचिड होते ती एकाकडून दुसऱ्याचं काम मागितल्यामुळे.

काही कंपन्या लाल पाइपालाही एक छोटी तोटी बसवून देतात, हे खरं आहे. २०१९ साली एमजीची हेक्टर आली तेव्हा तिच्यात गाण्यांचं ॲप आधीपासूनच घातलेलं होतं. पण त्या तोटीतून काय यायचं आणि किती यायचं, हे कंपनी ठरवते.

२. तेरा आकडी नंबर

२०१८च्या फेब्रुवारीत व्हॉट्सॲपवर एक अफवा जोरात फिरली होती : आता सगळ्यांचे मोबाइल नंबर तेरा आकडी होणार. पुष्कळ लोक धास्तावले. त्यामागे खरी गोष्ट एवढीच होती, की यंत्रांत बसणाऱ्या सिमना दूरसंचार विभागाने तेरा आकडी नंबर ठरवून दिले होते. माणसांचे नंबर दहा आकडीच राहिले. गाडीतलं सिम हे या यंत्रांच्या पंगतीतलं. विजेचे स्मार्ट मीटर आणि कार्ड घासायची मशीन हे त्याचे सोबती.

यंत्राच्या सिमला मोकळीक नसते. त्यावरून डेटा फक्त ठरवून दिलेल्या ठिकाणी जातो आणि फोनही ठरवून दिलेल्या नंबरांवरच लागतो. सिमचा गैरवापर होऊ नये, म्हणून सरकारनेच ही बंधनं घातली आहेत. त्यामुळे गाडीतल्या सिमवर कुठलीही वेबसाइट उघडत नाही म्हणून सर्व्हिस सेंटरशी भांडण्यात अर्थ नाही.

हेक्टर आली त्याच २०१९ साली मे महिन्यात ह्युंदाईची व्हेन्यू आली. तिच्यात व्होडाफोन आयडियाचं ई-सिम होतं आणि ब्लूलिंक ही सेवा पहिली तीन वर्षं मोफत होती. तिथपासून आपल्याकडे मध्यम किमतीच्या गाड्यांतही ही सोय रुळत गेली. प्रवासी टॅक्सी आणि बसमध्ये मात्र सक्ती आधीच आली होती. १ जानेवारी २०१९पासून नोंदणी होणाऱ्या अशा वाहनांत ठिकाण सांगणारं यंत्र आणि संकटात दाबायचं बटण बंधनकारक झालं. टॅक्सीच्या मागच्या सीटजवळ दिसणारं ते लाल बटण सिमवरच चालतं.

आता एसीचं उदाहरण घेऊ. तुम्ही घरी बसून ॲपमध्ये एसीचं बटण दाबता. आपला फोन थेट गाडीशी बोलला असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात निरोप आधी गाडीच्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथून मोबाइल कंपनीच्या जाळ्यात आणि मग गाडीतल्या डबीत. उभ्या गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून ती डबी डुलकी घेत असते, तिला आधी जागं करावं लागतं. म्हणून अर्धा-एक मिनिट जातं. गाडी इमारतीच्या दुसऱ्या तळघरात असेल तर निरोप पोचतच नाही. अशा वेळी ॲप परत परत दाबून उपयोग नाही, जिना उतरणं बरं.

३. थेंब किती, घागर किती

कंपनीला तीन वर्षं फुकट नेट परवडतं कसं? याचं उत्तर साध्या गुणाकारात आहे.

आधी एक माप समजून घेऊ. प्लॅनमधला डेटा बाइटमध्ये मोजतात आणि नेटचा वेग बिटमध्ये. मणाचे चाळीस शेर, तसे एका बाइटचे आठ बिट. हजार बाइट म्हणजे एक केबी, हजार केबी म्हणजे एक एमबी, हजार एमबी म्हणजे एक जीबी. (काटेकोर हिशेबात हजाराऐवजी १,०२४ धरतात, आपलं हजारावर भागेल.)

समजा, गाडी दर दहा सेकंदांनी आपला ठावठिकाणा आणि वेग कळवते आणि असा एक निरोप २०० बाइटचा आहे. तासाला ३६० निरोप. २०० गुणिले ३६० म्हणजे ७२,००० बाइट, म्हणजेच ७२ केबी.

आता गाणं. साधारण बऱ्या दर्जाचं गाणं सेकंदाला १६० किलोबिट खातं. त्याला आठाने भागलं की २० केबी. तासाचे ३,६०० सेकंद, म्हणून ७२,००० केबी. म्हणजे ७२ एमबी.

एकीकडे ७२ केबी, दुसरीकडे ७२ एमबी. तेवढ्याच तासाभराला हजारपट! व्हिडिओ त्याच्याही पुढे. मध्यम दर्जाचा व्हिडिओ सेकंदाला एक मेगाबिट धरला, तर तासाला ४५० एमबी होतात. आपण कुठे आहोत हे सांगणं गाडीला थेंबाथेंबाने जमतं, आपल्या करमणुकीला घागरी लागतात. कंपनी थेंबांचे पैसे आनंदाने भरते.

४. फोन जोडला म्हणजे नेट जोडलं का?

गाडीला फोन तीन प्रकारे जोडता येतो, आणि तिन्हींना लोक सरसकट 'कनेक्ट केला' म्हणतात.

ब्लूटूथने जोडला तर फक्त आवाज जातो. गाणं फोन ओढतो, गाडी त्याचा स्पीकर होते. फोनपासून स्पीकरपर्यंतच्या त्या वाटेला डेटा लागत नाही.

अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्लेने जोडला तर आवाजाबरोबर चित्रही जातं. नकाशा दिसतो गाडीच्या स्क्रीनवर, पण तो चालतो फोनमध्ये. गाडी नुसता आरसा धरते. यात वायर नसली तर फोन आणि गाडी आपसात वायफायने बोलतात. ती खूण पाहून अनेकांना वाटतं की डेटा चालला. तसं नाही. हे वायफाय म्हणजे दोन यंत्रांमधली बिनवायरची वायर. डेटा जातो तो फोन बाहेरून नकाशा किंवा गाणं ओढतो तेवढाच, आणि तो हातात फोन धरून बघितला असता तरी गेलाच असता.

तिसरा प्रकार हॉटस्पॉटचा. इथे मात्र चित्र पालटतं. फोन आपलं नेट गाडीला वापरायला देतो आणि गाडीच्या स्क्रीनमधली ॲप्स स्वतः बाहेर पडून हवं ते ओढू लागतात. याला इंग्रजीत टेथरिंग म्हणतात. टेथर म्हणजे गुरं बांधायचं दावं. गाडी फोनच्या दाव्याला बांधली, आता चारा फोनच्याच गोठ्यातला.

५. दाव्याला बांधल्यावर

हॉटस्पॉट चालू केल्यावर फोन घरच्या राउटरचं काम करतो. एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला गाडी, टॅब, आणखी कुणाचा फोन. सगळ्यांची मागणी तो आपल्या एकाच सिमवरून पुढे पाठवतो आणि आलेलं उत्तर ज्याचं त्याला देतो. मोबाइल कंपनीच्या खात्यात सगळा खर्च एकाच नावावर पडतो.

इथे एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. गाडीच्या दृष्टीने तुमचा हॉटस्पॉट म्हणजे वायफाय. आणि वायफाय म्हणजे घरचं, भरपूर, न मोजता वापरायचं, असं बहुतेक यंत्रांना शिकवलेलं असतं. त्यामुळे गाडीच्या स्क्रीनचं सॉफ्टवेअर अपडेट आलेलं असेल आणि आपोआप उतरवण्याची खूण चालू असेल, तर दोन गाण्यांसाठी दिलेल्या हॉटस्पॉटवरून ती अख्खा जीबी उतरवून घेऊ शकते. ही खूण गाडी घेतल्या दिवशीच बंद करावी. अपडेट घरच्या वायफायवर, गाडी दारात उभी असताना उतरवावं. मागच्या सीटवरच्या टॅबचीही तीच गत.

हॉटस्पॉट दिसतच नाही, अशी तक्रार आयफोनवाल्यांकडून फार येते. वायफायच्या लहरी दोन पट्ट्यांत चालतात. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा जुना आणि लांब पोचणारा, ५ गिगाहर्ट्‌झचा नवा आणि वेगवान. काही गाड्यांना फक्त जुनाच पट्टा ऐकू येतो. आयफोनच्या हॉटस्पॉटच्या पानावर 'मॅक्सिमाइझ कॉम्पॅटिबिलिटी' नावाची खूण आहे. ती चालू केली की फोन जुन्या पट्ट्यावर येतो आणि गाडीला दिसू लागतो. पहिल्यांदा जोडताना ते पान उघडं ठेवावं.

उष्णता ही मला यातली सगळ्यात गंभीर अडचण वाटते. मे महिन्यातली दुपार, डॅशबोर्डवर ऊन, त्यात फोन चार्जिंगला लावलेला, नकाशा चालू आणि वर हॉटस्पॉट. फोनला एकाच वेळी चार बाजूंनी आच लागते. तो आधी चार्जिंग मंदावतो, मग स्क्रीन अंधुक करतो आणि शेवटी काही कामं थांबवतो. थांबतो तो नेमका अनोळखी गावातल्या तिठ्यावर. फोन एसीच्या झरोक्यापाशी अडकवा, हॉटस्पॉट द्यायचाच असेल तर शेजारी बसलेल्याच्या फोनवरून द्या. बॅटरीवर चालणारं डोंगल गाडीत ठेवत असाल तर उतरताना ते खिशात टाका. बंद गाडीत तापणाऱ्या बॅटरीशी खेळू नये.

६. रोजचा कोटा आणि कोकणची वाट

आपल्याकडचे बहुतेक प्रीपेड प्लॅन रोज दीड किंवा दोन जीबी अशा मापाचे. हे माप रोजच्या आयुष्याला धरून आहे, प्रवासाला धरून नाही. गणपतीला ठाण्याहून रत्नागिरीला निघालेल्या कुटुंबाचा हिशेब मांडून बघू.

मागच्या सीटवर दोन मुलं, प्रत्येकी दोन तास व्हिडिओ : ४५० गुणिले २ गुणिले २ म्हणजे १,८०० एमबी. सहा तास गाणी : ७२ गुणिले ६ म्हणजे ४३२ एमबी. नकाशाचे ५० धरू. एकूण २,२८२ एमबी. वडिलांच्या फोनवर दोन जीबीचा प्लॅन असेल तर चिपळूणच्या पुढे कुठेतरी तो संपणार.

संपला म्हणजे नेट तुटत नाही, वेग पडतो. बऱ्याच प्लॅनमध्ये तो ६४ किलोबिटवर येतो, म्हणजे सेकंदाला ८ केबी. तीन एमबीचं एक गाणं उतरायला ३७५ सेकंद, सव्वासहा मिनिटं. गाणं अडीच मिनिटांचं असेल तर ते वाजण्यापेक्षा थांबेलच जास्त.

याला उपाय घरातच आहेत. आदल्या रात्री घरच्या वायफायवर गाणी, मुलांचे भाग आणि वाटेतला नकाशा उतरवून घ्या; वरचा हिशेब दोन हजारांवरून शे-दीडशेवर येतो. रोजचा कोटा रात्री बारा वाजता नव्याने भरतो. त्यामुळे रात्री दहाला निघणाऱ्याला एका प्रवासात दोन दिवसांचे कोटे मिळतात आणि पहाटे पाचला निघणाऱ्याला एकच. (म्हणून झोप मोडून गाडी चालवू नका. निघायची वेळ आधीच रात्रीची असेल तरच हे लक्षात ठेवा.) व्होडाफोन आयडियाच्या काही प्लॅनमध्ये आठवडाभर उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरता येतो, तो बाहेर जाणाऱ्यांच्या कामी येतो.

'माझं तर अनलिमिटेड फाइव्हजी आहे' म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. जुलै २०२४च्या दरवाढीपासून जिओ आणि एअरटेलने ही सवलत मुख्यत्वे रोज दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनना ठेवली. आणि अमर्याद आहे ते फक्त फाइव्हजीवरचं. महामार्ग सोडून गाडी आत वळली, फोन फोरजीवर उतरला की त्या क्षणापासून रोजच्या दोन जीबीतून वजावट सुरू होते. व्हिडिओ तसाच चालू असतो, मुलांना काही जाणवत नाही आणि काही वेळाने मेसेज येतो की पन्नास टक्के डेटा संपला.

७. घाटात

ताम्हिणीत शिरलं की फोनवरच्या दांड्या एकेक करून जातात. डोंगराची कूस टॉवर आणि गाडी यांच्यामध्ये येते, तिथे कुठलाही प्लॅन चालत नाही. मात्र काठावरच्या भागात, जिथे फोनला एखादी दांडी कशीबशी मिळते, तिथे गाडीच्या सिमचं कधी कधी बरं चालतं. त्याचा अँटेना छपरावर उघड्यावर असतो, फोन मात्र पत्र्याच्या खोक्यात बसलेला. दोन्ही सिम वेगळ्या कंपन्यांची असतील तर आणखी चांगलं. जिथे एकीचा टॉवर नाही तिथे दुसरीचा असू शकतो.

८. प्लॅन तीन वर्षांचा, गाडी पंधरा वर्षांची

खाजगी गाडीची नोंदणी आपल्याकडे पंधरा वर्षांची असते. मोफत नेट तीन वर्षं. पुढची बारा वर्षं?

पहिला भाग पैशांचा. मुदत संपली की वर्गणी भरून सेवा चालू ठेवता येते. वर्गणी न भरल्यास गाडी नीट चालते, पण अपघाताची सूचना जात नाही, चोरीनंतर माग लागत नाही. माझं मत विचाराल, तर ॲपवरून काच खाली करण्याची चैन सोडली तरी चालेल, पण या दोन गोष्टींसाठी वर्गणी भरावी. युरोपीय संघाने ही गोष्ट ग्राहकाच्या मर्जीवर ठेवलीच नाही. ३१ मार्च २०१८पासून तिथे बाजारात येणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटारींत ई-कॉल सक्तीचा झाला. एअरबॅग उघडली की गाडी स्वतः ११२ला फोन लावते आणि ठिकाण, वेळ, तोंडाची दिशा कळवते. त्याला वर्गणी नाही.

दुसरा भाग पैशांनीही सुटत नाही. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी थ्रीजी बंद केलं. थ्रीजीची डबी असलेल्या कितीतरी गाड्यांची अपघात-सूचना त्याबरोबर गेली. गाड्या धडधाकट होत्या, त्यांची भाषा समजणारा टॉवर उरला नव्हता. ब्रिटनमध्ये २०१६पर्यंतच्या निसान लीफ गाड्यांचं ॲप १ एप्रिल २०२४पासून थांबलं, कारण त्यांची डबी टूजीची. आपल्याकडे एअरटेलने २०२०मध्ये थ्रीजी गुंडाळलं आणि जिओकडे टूजी कधी नव्हतंच. म्हणून गाडी घेताना, विशेषतः जुनी घेताना, डबी फोरजीची आहे का, हे स्पष्ट विचारावं. 'कनेक्टेड आहे' एवढ्यावर समाधान मानू नये.

९. नाव कुणाचं?

सांगलीच्या माझ्या मामांनी चार वर्षं वापरलेली गाडी घेतली. कागदपत्रांच्या बाबतीत मामा अत्यंत काटेकोर. आरसीवर नाव चढलं, विमा बदलला, पीयूसी नवी. महिन्याभराने एका संध्याकाळी गाडीच्या पहिल्या मालकांचा फोन आला. मोठ्या आपुलकीने ते म्हणाले, "अहो, गाडी मिरजेत दवाखान्यापाशी उभी दिसतेय, आणि मागचं दार लॉक झालेलं नाही. म्हटलं, कळवावं."

दार खरंच उघडं होतं. मामांनी आभार मानले, दार लावलं आणि मग ते गाडीत बराच वेळ नुसते बसून राहिले. मामी तिथे तपासून घ्यायला जात होती, हे त्यांनी घरातही फार कुणाला सांगितलेलं नव्हतं.

त्या गृहस्थांचा काही दोष नव्हता. ॲप त्यांच्या फोनमध्ये तसंच होतं, गाडीने निरोप पाठवला, तो त्यांना दिसला. आरसी बदलते आरटीओत. सिमचा त्या कागदाशी संबंध नाही. सिम गाडीच्या कंपनीने घेतलेलं असतं, आणि ते सध्या कुणाच्या ताब्यात आहे याची नोंद ठेवणं, गाडी हस्तांतरित झाली की ती बदलणं, ही सरकारी सूचनांनुसार सेवा देणाऱ्याची जबाबदारी. पण गाडी विकली हे त्याला कुणी कळवायला तर हवं! विकणाऱ्याने स्वतःच्या ॲपमधून गाडी काढून टाकायची, स्क्रीनमधले सगळे फोन, पत्ते आणि जुने हॉटस्पॉट पुसायचे. घेणाऱ्याने आरसी आणि ओळखपत्र देऊन आपल्या नावावर नोंद करून घ्यायची. हे व्यवहाराच्याच दिवशी, दोघं समोरासमोर असताना करावं. टोकन देताना दुसरी किल्ली मागतो, तसंच हेही मागावं.

मामांनी दुसऱ्या दिवशी फोन केला. त्या गृहस्थांना फार ओशाळल्यासारखं झालं. बोलता बोलताच त्यांनी ॲपमधून गाडी काढली. सर्व्हिस सेंटरला दोन फेऱ्या झाल्या, आरसीची प्रत दोनदा द्यावी लागली, आणि पाचव्या दिवशी मामांच्या फोनवर नकाशा उघडला : अंगणातल्या आंब्याखाली निळा ठिपका. वर्गणीची मुदत बघितली, तर अजून दहा महिने शिल्लक. गाडी विकायच्या जरासं आधीच त्या गृहस्थांनी ती वर्षभरासाठी भरलेली होती. मामांनी कागदावर भागाकार केला आणि दहा महिन्यांचे पैसे त्याच रात्री त्यांना पाठवून दिले.